शब्द फोडा, भीती पळेल

इंग्रजीतील प्राण्यांची लांबलचक नावे पाहून मुले घाबरतात आणि स्पेलिंग घोकत बसतात. यातील बरीच नावे ग्रीक आहेत. ती फोडली की सोपी होतात.

ग्रीक भाषेत 'हिप्पोस' म्हणजे घोडा, 'पोटामोस' म्हणजे नदी. नदीतला घोडा तो हिप्पोपोटॅमस. आपणही त्याला पाणघोडाच म्हणतो. 'ऑक्टो' म्हणजे आठ, 'पूस' म्हणजे पाय, झाला ऑक्टोपस. डायनोसॉर हे नाव मात्र प्राचीन ग्रीकांचे नाही. इंग्लंडचे शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८४२ साली भयंकर व सरडा या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून ते घडविले.

पालकहो, मुलांना शब्द फोडायला शिकवा. 'ऑक्टो' ओळखीचा झाला की भूमितीतला ऑक्टॅगॉन, म्हणजे अष्टकोन, वेगळा पाठ करावा लागत नाही.