वही ज्याची त्याच्या हाती : गावातल्या छोट्या धंद्यांचे हिशेबशिक्षण

श्रीगोंदा तालुक्यातले काष्टी हे दौंड-नगर रस्त्यावरचे गाव शनिवारच्या जनावरांच्या बाजारामुळे दूरवर माहीत आहे. बाजारात मोठा व्यवहार गाई-बैलांचा होतो, पण त्याच्या आधाराने कितीतरी लहान धंदे उभे राहतात : दावी-कासरे, पेंड-भुसा, चहा-भजी. गावात आणि वाड्यावस्त्यांवर दूध, शेळ्या, शिवणकाम, पापड-मसाले हे धंदे वेगळेच. या सगळ्यांत भांडवल थोडे असते आणि घराचा व धंद्याचा पैसा बहुधा एकाच डब्यात पडतो. असा धंदा सुरू करणाऱ्याला हिशेब शिकवायचा म्हणजे पाच प्रश्नांची उत्तरे स्वतः लिहायला शिकवायचे. पैसा किती आला? कशावर गेला? कोणाकडून येणे आहे? कोणाचे देणे आहे? आणि घरासाठी गल्ल्यातून किती उचलले? पाचवा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच शिकवायचा राहून जातो.

या भागात हिशेबाच्या वहीला मोठा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात वही सावकाराच्या हातात होती. कर्ज घेणारा अंगठा उठवी. मुद्दल किती फिटले, व्याज किती चढले, हे त्याला सावकार सांगेल तेवढेच कळे. १२ मे १८७५ रोजी भीमेपलीकडच्या सुपे गावात बाजाराच्या दिवशी शेतकरी उठले. दख्खनचे दंगे म्हणून ओळखला जाणारा हा उठाव पुणे जिल्ह्यातून नगर जिल्ह्यात पसरला आणि त्यात श्रीगोंदा तालुकाही होता. लोकांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. खतपत्रे आणि वह्या हिसकावून त्यांची होळी करण्यात आली. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. भरलेल्या रकमेची पावती, वर्षाचा लेखी हिशेब आणि पासबुक सावकाराकडून मागण्याचा हक्क त्या कायद्याने शेतकऱ्याला दिला. हक्क मोलाचा होता. पण ज्याला अंक वाचता येत नाहीत, त्याला पासबुकाचा उपयोग बेताचाच. कायद्याने वही दाखवायला लावली, वाचायला शिकवले नाही. ते काम पुढच्या पिढ्यांवर पडले आणि आजही पुरे झालेले नाही.

हिशेबाची विद्या मात्र इथे नवी नव्हे. रोजच्या जमा-नाव्याची रोजकीर्द आणि तिच्यावरून प्रत्येकाच्या नावे उतरवलेली खतावणी, ही जोडी पेढ्यांत आणि दुकानांत पिढ्यानपिढ्या चालत आली. दिवाळीत वहीपूजन होते आणि पाडव्याला नव्या वहीचे पहिले पान उघडते. ही विद्या दुकानात उमेदवारी करता करता मिळे, म्हणून ती व्यापारी घराण्यांतच राहिली. तिच्यातली एक सवय आजही जशीच्या तशी उचलण्यासारखी आहे : दिवस मावळल्यावर गल्ला मोजायचा आणि कीर्दीतल्या शिलकेशी ताडून पाहायचा. रक्कम जुळली नाही, तर त्याच रात्री कारण सापडते. आठवड्याने ते कोणालाच आठवत नाही.

गावातल्या सामान्य बाईच्या हाती हिशेबाची वही आली ती मुख्यतः बचत गटांमुळे. महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, १९७५ मध्ये स्थापन झाले. नाबार्डने १९९२ मध्ये गटांना बँकांशी जोडण्याचा कार्यक्रम सुरू केला आणि २०११ पासून राज्यात ‘उमेद’ अभियान चालते. गटाच्या पंचसूत्रीत नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज आणि परतफेड यांच्या बरोबरीने अद्ययावत लेखे हे पाचवे सूत्र आहे. इतिवृत्त, रोखपुस्तक, बचत-कर्ज नोंदवही, सभासदाचे पासबुक एवढी दप्तरे गावातल्याच बायका सांभाळू लागल्या, ही साधी गोष्ट नाही. तरी इथे दोन उणिवा राहतात. पहिली अशी की अनेक गटांत लिहिणारी एकच असते. ती लग्न होऊन गेली किंवा रुसली की दप्तर अडते, आणि बाकीच्या जणी पुन्हा दुसऱ्याच्या वहीवर विसंबतात. यावर सोपा उपाय आहे : दर बैठकीत नोंदी मोठ्याने वाचायच्या आणि लिहिण्याची पाळी फिरती ठेवायची. दुसरी उणीव अधिक खोल आहे. गटाचा हिशेब चोख असला तरी तो सभासदाच्या धंद्याचा हिशेब नसतो. वीस हजारांचे कर्ज वेळेवर फिटले, हे गटाचे दप्तर सांगते. त्या पैशातून घेतलेल्या शेळ्यांनी काही मिळवून दिले, की हप्ता नवऱ्याच्या मजुरीतून गेला, हे सांगत नाही.

हिशेब येणे आणि शाळा शिकलेले असणे या निराळ्या गोष्टी आहेत, हे सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडने दाखवून दिले. चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने तिथल्या महिलांनी बँक काढायचे ठरवले, तेव्हा प्रवर्तक निरक्षर असल्याच्या कारणावरून रिझर्व्ह बँकेने अर्ज फेटाळला. बायका शिकायला बसल्या, पुन्हा गेल्या आणि व्याजाची आकडेमोड तोंडी करून दाखवण्याची तयारी त्यांनी अधिकाऱ्यांपुढे ठेवली. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. पुढे २००६ पासून व्यवसायशिक्षणाची शाळा आणि गावोगाव फिरणारी बसही आली. जी बाई बाजारात शेरा-पावशेराचा भाव क्षणात करते, तिला गणित येत नाही असे धरून चालणे हा शिकवणाऱ्याचा आळस आहे.

शिकवायचे काय, याबद्दल एक प्रयोग फार बोलका आहे. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या छोट्या उद्योजकांच्या एका गटाला रीतसर लेखाशास्त्र शिकवले आणि दुसऱ्याला फक्त ठोकळ नियम दिले : घरचा आणि धंद्याचा पैसा दोन वेगळ्या खणांत ठेवा, स्वतःला ठरावीक पगार द्या. ड्रेक्सलर, फिशर आणि शोअर यांच्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ठोकळ नियमवाल्यांचे हिशेब अधिक सुधारलेले दिसले. आपल्याकडच्या शिबिरांत अजूनही पहिल्याच दिवशी फळ्यावर ताळेबंद येतो आणि ऐकणाऱ्यांचे डोळे जड होतात. दोन डबे आणि एक वही, इथूनच सुरुवात व्हायला हवी.

त्यानंतर समोरच्या माणसाचा स्वतःचाच धंदा मांडून दाखवावा. उदाहरणादाखल एक गाय घेऊ. डेअरीला रोज १२ लिटर दूध जाते आणि भाव ३२ रुपये आहे असे धरले, तर दहा दिवसांचा पगार ३,८४० रुपये होतो. पेंड १,३६०, मुरघास १,४०० आणि औषधपाणी २०० असे २,९६० वजा जाता हाती ८८० राहतात. घरात रोज एक लिटर दूध ठेवले, त्याचे ३२० रुपये कोणी धरत नाही. ते धरले की मिळकत १,२०० होते. आता गाईची किंमत. ८०,००० ला घेतलेली गाय पाच वर्षांनी ३०,००० ला विकली जाईल असे मानले, तर वर्षाला १०,००० आणि दहा दिवसांना सुमारे २७४ रुपये घसारा बसतो. उरले ९२६. शेण, धार, वैरण यांत रोज तीन तास गेले, तर तासाला ३१ रुपयांच्या आसपास पडतात. आणि गाय भाकड असते त्या दिवसांचा चारा यात धरलेलाच नाही. ही मांडणी एकदा स्वतःच्या हाताने केली की ‘दुधाचा पगार आला’ आणि ‘धंद्यात उरले’ यांतला फरक शब्दांनी समजावावा लागत नाही. शनिवारी दुसरी गाय घ्यायची की नाही, हा प्रश्नही मग आकड्यांवर येतो.

दुकानदारीत उधारी बुडवते. त्यासाठी गिऱ्हाइकागणिक एक पान, तारीख, रक्कम आणि शक्यतो गिऱ्हाइकाची सही पुरते. लिहिता न येणाऱ्यांसाठी खुणांची वही चालते : म्हशीचे चित्र, पेंडीच्या पोत्याचे चित्र आणि पुढे आकडा.

शिकवण्याची वेळ आणि सोबतही पाहावी लागते. बाजारच्या दिवशी वर्ग भरत नाही, धारेच्या वेळी भरत नाही. अहमदाबादेत सेवा बँकेच्या ग्राहक महिलांवर झालेल्या एका अभ्यासात, मैत्रिणीला घेऊन प्रशिक्षणाला आलेल्या महिलांनी शिकलेले अधिक वापरात आणले आणि काही महिन्यांनी त्यांच्या घराचे उत्पन्नही अधिक आढळले. शेजारच्या दोघींना एकत्र बोलवावे आणि एकीची वही दुसरीने तपासावी. एकच लांबलचक शिबिर घेण्यापेक्षा आठवड्याला एक तास आणि तोही सलग तीन महिने, ही पद्धत गावाला मानवते.

मोबाइलवरून पैसे येऊ लागल्यापासून ‘नोंद आपोआप होते’ असा समज पसरला आहे. खात्यात माहेरहून आलेले पैसे, उसने आणि विक्री एकाच ओळीत दिसतात. वेगळे करणे माणसालाच भाग असते. धंद्यासाठी निराळे बँक खाते काढणे हा इथला दुसरा डबा. मुद्रा योजनेतल्या ‘शिशु’ गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळते. त्याचा हप्ता झेपेल का, हे अर्ज करण्याआधी स्वतःच्या वहीत पाहून ठरवावे. मालाची वार्षिक उलाढाल ४० लाखांवर गेली की जीएसटीची नोंदणी लागते आणि हिशेबनीसही लागतो. मात्र तेव्हाही रोजची कीर्द मालकाने स्वतःच लिहावी आणि हिशेबनिसाने तयार केलेल्या कागदावर सही करण्याआधी तो तिच्याशी ताडून पाहावा.