बिऱ्हाड भिंतीत, जेवण गाईवर

लेखमाला : गोठा, अंगण, शिवार (भाग ११)

"म्हैन्यातनं दोनदा फवारतुय, तरी हायेतच. औषधातच भेसळ असंल, दुसरं काय?"

दौंड तालुक्यात केडगावच्या अलीकडे एका गोठ्यात मालक दूध काढता काढता तक्रार करत होते. संकरित होल्स्टीन गाय, काळी-पांढरी, अंगानं भरलेली. कासेच्या वर, मांडीच्या बेचक्यात भिजवलेल्या हरभऱ्याएवढ्या टपोऱ्या गोचिडी लागलेल्या. धार संपली की मालक एकेक उपटायचे, खाली टाकायचे आणि चपलेनं चिरडायचे. फरशीवर काळपट रक्ताचे ठिपके पडले होते.

सोबत आलेल्या पशुवैद्यकांनी गाईकडे फारसं पाहिलंच नाही. त्यांनी बॅटरी मागितली आणि गव्हाणीमागच्या दगडी भिंतीच्या फटीत उजेड टाकला. आत ओळीनं गोचिडी बसल्या होत्या. काही चपट्या, उपाशी. काही फुगलेल्या, आणि त्यांच्याशेजारी मोहरीहून बारीक तपकिरी अंड्यांचे ढीग. "दादा, औषधात भेसळ नाही," ते म्हणाले. "तुम्ही गाय फवारली. ह्यांचं बिऱ्हाड इथं आहे. गाईवर त्या फक्त जेवायला येतात."

आजचा भाग एवढ्याच वाक्याचा विस्तार आहे. गोचीड जनावराच्या अंगावर दिसते, म्हणून आपण तिला अंगावरच मारत बसतो. तिचं बहुतेक आयुष्य मात्र दुसरीकडेच जातं.

आठ पायांची पाहुणी

गोचीड हा किडा नव्हे. ती कोळी आणि विंचवाच्या गोतातली. अंड्यातून निघते तेव्हा तिला सहा पाय असतात, कात टाकून मोठी झाली की आठ होतात. डिंभक, अर्भक आणि प्रौढ अशा तीन अवस्था; प्रत्येक अवस्थेत एकदा पोटभर रक्त, आणि पहिल्या दोन्हींत मग कात. डोळ्यांवर तिची फारशी भिस्त नसते. पुढच्या पायांवर वास, ऊब आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड ओळखणारं इंद्रिय असतं. गाय जवळ येऊन सुस्कारा टाकते तेव्हा तिला जेवणाची वर्दी मिळते.

चिकटली की ती करवतीसारखे उलटे दाते असलेली सोंड कातडीत रुतवते. वरून सिमेंटसारखा चिकट द्रव सोडते. लाळेत रक्त गोठू न देणारी आणि दुखणं कळू न देणारी द्रव्यं असतात, म्हणून जनावराला सुरुवातीला पत्ताच लागत नाही. मादी पोट भरेपर्यंत स्वतःच्या वजनाच्या शंभरपट होऊ शकते. मग गळून पडते, सांदीकोपरा शोधते, काही हजार अंडी घालते आणि मरते. सडाला लागलेली गोचीड दूध सोडून रक्त पिते, हा दृष्टांत कीर्तनात आपण ऐकतोच. बिचारीला दुधाचा उपयोगच नाही. रक्ताशिवाय ना कात पडते, ना अंडी होतात.

आपल्या भागातल्या गुरांवर मुख्यतः दोन जातींच्या गोचिडी सापडतात आणि दोघींची बिऱ्हाडं वेगळी आहेत. पहिली हायलोमा : लांब, पट्टेदार पायांची, चपळ. ती पोट भरलं की उतरते आणि गोठ्याच्या फटीत, मेढीच्या सालीखाली, गव्हाणीच्या बुडाशी दडते. दुसरी बूफिलस : आखूड पायांची, निळसर राखाडी. ती तिन्ही अवस्था एकाच जनावरावर साधारण तीन आठवड्यांत उरकते आणि शेवटी अंडी घालायला मातीत, गवतात उतरते. तिची पिल्लं बांधावरच्या गवताच्या शेंड्यावर चढून पुढच्या जनावराची वाट पाहतात. म्हणजे गोठ्यात बांधून घातलेल्या गुरांना भिंतीची भीती, चरायला जाणाऱ्यांना बांधाची.

उरुळी कांचनची गाय आणि उसाचा बैल

दौंडला लागूनच हवेली तालुक्यातलं उरुळी कांचन. तिथं मणिभाई देसाई यांनी १९६७ साली भारतीय ॲग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन, म्हणजे आपलं 'बाएफ' उभं केलं आणि संकरित गाईंचा कार्यक्रम खेडोपाडी नेला. भीमा आणि घोडच्या काठच्या कित्येक घरांत आज दुधाचा पगार येतो, त्यामागे तो प्रवास आहे. पण होल्स्टीन आणि जर्सी युरोपच्या थंड कुरणातल्या. आपल्या खिलार, देवणीच्या पिढ्यान्‌पिढ्या गोचिडी अंगावर घेत इथं टिकल्या; त्यांची कातडी आणि रक्त ही लढाई शिकलेलं आहे. संकरित गाईला ती शिकवणी मिळालेली नाही.

त्यात आपला साखरपट्टा. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या येतात, बैलगाडीच्या टोळ्यांसोबत बैल येतात. मेंढपाळांचे कळप रानात बसतात. ही माणसं आपल्या शेतीचा कणा आहेत, दोष त्यांचा नाही. फक्त जनावर चाललं की गोचीडही चालते. लहानपणी गोचीड ताप येऊन बरा झालेला गावठी बैल धडधाकट दिसतो, पण त्याच्या रक्तात जंतू शिल्लक राहू शकतात. त्याचं रक्त प्यायलेली गोचीड कात टाकून शेजारच्या संकरित कालवडीवर चढली, की बैल ठणठणीत आणि कालवड आडवी.

हे कोडं अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वीच पडलं होतं. टेक्सासची धट्टीकट्टी गुरं उत्तरेला हाकत नेली की वाटेवरची स्थानिक गुरं पटापट मरत. पशुपालक गोचिडीकडे बोट दाखवत. शिकलेली माणसं हसत. १८९३ साली थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी पशुपालकांचं म्हणणं खरं ठरवलं. डासातला मलेरियाचा जंतू रोनाल्ड रॉसना सिकंदराबादला सापडला तो त्यानंतर चार वर्षांनी, १८९७ मध्ये.

गोचीड ताप ओळखायचा कसा

आपल्याकडे 'गोचीड ताप' म्हणतात तो बहुधा थायलेरिया. हायलोमा तो पसरवते. गाईचा नेहमीचा ताप १०१-१०२ अंश फॅरनहाइट; यात १०४ ते १०६ पर्यंत चढतो. खांद्यापुढची गाठ हाताला लिंबाएवढी लागते, दूध एकदम आटतं, गाय धापा टाकते, डोळ्यांच्या आतली लाली जाऊन पांढुरकेपणा किंवा पिवळेपणा येतो. बूफिलसमुळे होतो तो बबेसिया : लघवी कोऱ्या चहासारखी किंवा कॉफीसारखी. थायलेरियावर ब्युपार्वाक्वोनचं इंजेक्शन आहे, बबेसियावर वेगळं औषध आहे. म्हणून 'लाल लघवी झाली, मागच्या खेपेचं उरलेलं टोचा' असं करू नये. आधी रक्ताची काच तपासून घ्यावी. थायलेरियाची लसही आहे, 'रक्षावॅक-टी'. दोन महिन्यांवरच्या संकरित वासरांना ती देता येते. द्रव नायट्रोजनमध्ये ठेवावी लागत असल्यानं दुकानात उभ्या उभ्या मिळत नाही. दवाखान्यात किंवा दूध संघात आधी विचारून ठेवावं.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. थायलेरियाचे जंतू गोचिडीच्या लाळेत तयार व्हायला ती चिकटल्यावर साधारण दोन-तीन दिवस लागतात. रोज धार काढताना कानाच्या आत, शेपटीखाली, कासेवर हात फिरवून लहान गोचिडी काढल्या तर पुष्कळ आजार दारातच परततो.

घर फवारायचं, मग पाहुणा

गोठा आणि जनावर एकाच दिवशी फवारावं. आज गाय आणि पुढच्या रविवारी भिंत केली, की गोचिडी इकडून तिकडे जातात एवढंच. औषधाचा अंड्यांवर फारसा परिणाम होत नाही. ती नंतर फुटतात. म्हणून पंधरा दिवसांनी दुसरा हात मारलाच पाहिजे. पहिल्या हातानंतर गोठा स्वच्छ दिसतो आणि तिथंच आपण फसतो. खरी संख्या पावसाळा लागल्यावर वाढते, तेव्हा मे महिन्यातच भिंती करून घ्याव्यात.

भिंतीच्या फटी सिमेंटनं बुजवाव्यात. एका दिवसाची मजुरी कित्येक बाटल्यांचं काम करते. चुना मारायचा असेल तर जरूर मारा, पण डेल्टामेथ्रिनसारखं औषध चुन्याच्या बादलीत कालवू नका. चुन्याच्या क्षारानं औषध लवकर निकामी होतं. चुना वेगळ्या दिवशी, फवारणी वेगळ्या दिवशी. काही जण गॅसच्या फ्लेमगननं फटी भाजतात. दगडी भिंतीला ते ठीक आहे. वर उसाच्या पाचटाचं छप्पर असेल तर विचारसुद्धा करू नका.

गाईवर औषध किती, ते बाटलीवरच्या मापानंच. 'जरा कडक करू' म्हणून दुप्पट टाकलं तर विषबाधा होते आणि कमी टाकलं तर चिवट गोचिडी तेवढ्या उरतात आणि त्यांचंच वाण वाढतं. वर्षानुवर्षं एकच औषध वापरलेल्या गोठ्यात ते चालेनासं होतं, हे देशभर दिसून आलं आहे. डॉक्टरांना विचारून औषधाचा गट बदलावा. फवारणीआधी जनावराला पाणी पाजावं, म्हणजे ते अंग चाटणार नाही. ऊन उतरल्यावर, वारा पडल्यावर फवारावं. धार काढण्याआधी कास धुवावी. आयव्हरमेक्टिन दुधात उतरतं, तेव्हा दुभत्या जनावराला ते आपल्या मनानं देऊ नये. पिकावरचं कीटकनाशक जनावरावर कधीही नाही. आणि गोठ्यात चार गावरान कोंबड्या सोडाव्यात. गळून पडलेली फुगीर गोचीड त्यांना खाऊच आहे.

राखणदार आणि मनीमाऊ

कुत्र्यावरची गोचीड वेगळी, तांबूस तपकिरी. ती घरात राहते आणि भिंतीवर वर चढते. फोटोच्या चौकटीमागे, दाराच्या पट्टीत, पलंगाच्या सांध्यात तिची अंडी सापडतात. फुगलेली मादी पंख्याजवळ दिसली म्हणून घाबरलेल्या घरांचे फोन पशुवैद्यकांना नेहमीच येतात. तिच्यामुळे कुत्र्याला एर्लिकिया होतो : ताप, जेवण सोडणं, हिरड्या पांढऱ्या पडणं आणि कधी नाकातून रक्त. वेळेत डॉक्सिसायक्लिन सुरू झालं तर कुत्रं वाचतं, पण कोर्स सहसा चार आठवड्यांचा असतो. पाचव्या दिवशी शेपूट हलवायला लागलं म्हणून गोळ्या थांबवू नयेत. पट्ट्याखाली, कानात, पायांच्या बोटांमध्ये रोज बघावं. अलीकडे महिनाभर किंवा तीन महिने काम करणाऱ्या गोळ्या मिळतात. वजन करून डॉक्टरांकडूनच घ्याव्यात.

मांजराबद्दल एकच, पण ठळक गोष्ट. पर्मेथ्रिन मांजराला विष आहे. कुत्र्याच्या मानेवर टाकायचं औषध 'थोडंसंच' म्हणून मांजराला लावल्यानं मांजरं झटके येऊन मेली आहेत.

आणि आपण?

मोबाइलवर शोधलं की लाइम रोग समोर येतो आणि माणूस हादरतो. तो प्रामुख्यानं अमेरिका-युरोपातल्या वेगळ्या गोचिडीचा आजार. आपल्या देशाचे धडे वेगळे आहेत. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली, माणसांना ताप आला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रानं, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं त्याचा माग गोचिडीपर्यंत काढला. तोच माकडताप २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गला पोचला. तो ओल्या जंगलाचा आजार आहे, शिरूरच्या माळाचा नव्हे. दुसरा क्रायमियन-काँगो ताप. २०११ साली गुजरातमध्ये सानंद तालुक्यात तो आढळला, निदान पुण्यातच झालं. रुग्णावर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिकाही त्यात गेले. तो पसरवते हायलोमा, आपल्या भिंतीतल्या गोचिडीच्याच कुळातली. यातून घाबरायचं कारण नाही, सवय बदलायचं आहे : गोचीड नखानं किंवा चपलेनं चिरडायची नाही. तिच्या पोटातलं रक्त आपल्या हातावरच्या चिरेत जाऊ शकतं. झाकणाच्या बरणीत रॉकेल घ्यावं आणि काढलेली प्रत्येक तिच्यात टाकावी. हातात मोजे.

माणसाला चिकटली तर बिडीचा चटका, रॉकेलचा बोळा, तूप, तंबाखू यातलं काही नको. डिवचली की ती लाळ आणखी आत सोडू शकते. भुवयांचा टोकदार चिमटा घ्या, कातडीलगत सोंडेपाशी धरा आणि न पिळता, न झटकता सरळ वर ओढा. तुकडा आत राहिला तर उकरू नका. साबणानं धुवा आणि कॅलेंडरवर तारखेपाशी खूण करा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, अंगावर, विशेषतः तळहात-तळपायांवर पुरळ उठलं, तर डॉक्टरांना 'गोचीड चावली होती' हे पहिलं वाक्य सांगा. गोचिडीमुळे होणारा रिकेट्सियाचा ताप सुरुवातीला डेंग्यूसारखाच दिसतो. औषध स्वस्त आहे, पण संशय आला तरच कुणी देतं. ऊसतोड, खुरपणी करून आल्यावर मुलांच्या कानामागे, केसांत, बगलेत आणि करदोड्याखाली बघावं.

केडगावच्या त्या गोठ्यावर दिवाळीनंतर पुन्हा जाणं झालं. भिंतीचे दर्जे भरले होते, गव्हाणीखाली दोन कोंबड्या उकरत होत्या, खिडकीत रॉकेलची बरणी होती. गाईच्या शेपटीखाली तरीही एक गोचीड सापडली. "संपल्या का?" विचारलं तर मालक हसले. चिमट्यानं ती बरणीत टाकत म्हणाले, "संपत्यात कशाच्या? पन आता मोजता येत्यात."

(पुढच्या आठवड्यात : गोमाशी)