शहाद्याहून ओपन सोर्सकडे

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात रंजना सोनवणे यांना देशातला पहिला आधार क्रमांक मिळाला. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी त्यासाठी गावात आले होते. छायाचित्रांत नेते दिसले, गाव दिसलं. ज्यांनी त्यामागचं सॉफ्टवेअर रचलं ती माणसं मात्र दिसली नाहीत. आधार क्रमांक देणाऱ्या प्राधिकरणाचं तंत्रज्ञान केंद्र बंगळुरूत होतं. तंत्रज्ञानाची धुरा श्रीकांत नाधमुनी यांच्याकडे होती आणि प्रमोद वर्मा मुख्य आर्किटेक्ट होते. त्या पथकात नेहमीच्या नोकरीतून काही काळ रजा घेऊन आलेले अभियंते आणि स्वयंसेवकही होते.

आपल्या जिल्ह्यातल्या पोरांना सॉफ्टवेअर म्हणजे पुण्याच्या हिंजवडीतली काचेची इमारत एवढंच ठाऊक असतं. आत बसलेला माणूस दिवसभर काय करतो, कोणाकडून शिकतो आणि शहाद्यात किंवा नवापुरात बसून त्यातलं काय करता येतं, हे कोणी नीट सांगत नाही. म्हणून हा लेख.

बारा आकड्यांतला शेवटचा आकडा

आधारच्या बारा आकड्यांपैकी पहिले अकरा कसलीही माहिती सांगत नाहीत. त्यात जिल्हा नाही, जात नाही, जन्मतारीख नाही. बारावा आकडा या अकरांवरून गणित करून काढलेला असतो. कारकुनाने क्रमांक टाइप करताना एक आकडा चुकवला किंवा शेजारचे दोन आकडे उलटसुलट केले, तर हा बारावा आकडा जुळत नाही आणि चूक तिथल्या तिथे कळते. त्यासाठी इंटरनेट लागत नाही.

नुसती बेरीज करून ही तपासणी भागली नसती. चार आणि सात यांची जागा बदलली तरी बेरीज अकराच येते. याकोबस व्हेरहूफ या डच गणितज्ञाने १९६९ मध्ये यावर तोड काढली. नियमित पंचकोन आधी फिरवला आणि मग पालथा घातला, तर तो एका स्थितीत येतो. आधी पालथा घालून मग फिरवला, तर दुसऱ्याच. म्हणजे इथे क्रमाला किंमत आहे. व्हेरहूफने याच गणितावर आपला बेरजेचा तक्ता बसवला आणि आकडा कितव्या स्थानी आहे त्यानुसार त्याची आणखी एक अदलाबदल ठरवून दिली. आधारने वापरलेल्या या पद्धतीत एका आकड्याची प्रत्येक चूक आणि शेजारच्या आकड्यांची प्रत्येक अदलाबदल सापडते. प्रोग्रॅममध्ये लिहायला हे सगळं पाचपन्नास ओळींच्या आत बसतं.

नोंदणीचं सॉफ्टवेअरही नेटवर्क नसताना चालेल असं लिहिलेलं होतं. बोटांचे ठसे, डोळ्यांच्या बुबुळांच्या प्रतिमा आणि फोटो यांचं कुलूपबंद पाकीट केंद्रावरच्या संगणकात तयार व्हायचं आणि जोडणी मिळाली की वर जायचं. अक्कलकुवा किंवा धडगावच्या डोंगरातल्या माणसाला हे का करावं लागलं ते समजावून सांगावं लागत नाही. शहरात वाढलेल्या प्रोग्रॅमरला सांगावं लागतं. नेटवर्क गेलं तर काय, हा आपल्याकडे रोजचा प्रश्न आहे आणि सॉफ्टवेअरच्या धंद्यात त्या प्रश्नाला मोल आहे.

सॉफ्टवेअरने सगळं सुटतं, असं मात्र कोणी समजू नये. पहिला आधार मिळूनही हातात फारसं काही पडलं नाही, असं रंजनाताईंनी पुढे पत्रकारांना सांगितलं. ज्याने प्रोग्रॅम लिहिला त्याने ही बाजूही ऐकली पाहिजे.

दिवसभर करतो काय?

नवीन कोड लिहिणं हा कामाचा लहान भाग आहे. मोठा भाग असतो दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचण्याचा. सकाळी टीमची छोटी बैठक होते. काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलं. मग आपल्या नावावरचं तिकीट, म्हणजे नोंदवलेली तक्रार किंवा काम, उघडायचं. समजा तक्रार अशी आहे की पावती दोनदा छापली जाते. आधी ती चूक आपल्या संगणकावर घडवून आणायची. ती घडली नाही तर दुरुस्तही करता येत नाही, आणि यातच कित्येकदा अख्खा दिवस जातो. चूक सापडली की तिच्यासाठी टेस्ट, म्हणजे तीच चूक पुन्हा झाली तर पकडणारा छोटा प्रोग्रॅम, लिहायची, बदल करायचा आणि तो गिटमध्ये नोंदवायचा. गिट म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची खतावणी ठेवणारा प्रोग्रॅम. लिनक्सचा कर्ता लिनस टोरवाल्ड्स याने तो २००५ मध्ये लिहिला.

त्यानंतर येतो कोड रिव्ह्यू. आपला बदल दुसरा प्रोग्रॅमर ओळ न् ओळ वाचतो आणि प्रश्न विचारतो. ‘बटण दोनदा दाबलं तर?’ ‘रक्कम शून्य असली तर?’ नव्या मुलांना याचीच सगळ्यात जास्त धास्ती वाटते. आपली लायकी काढली जातेय असं वाटतं. माझं मत याच्या नेमकं उलट आहे. पदवीच्या चार वर्षांत जेवढं पदरात पडत नाही, तेवढं चांगल्या रिव्ह्यूच्या सहा महिन्यांत पडतं. ज्या कंपनीत रिव्ह्यू होत नाही तिथे पगार बरा असला तरी माणूस तिथल्या तिथे राहतो.

बदल मान्य झाला की तो प्रॉडक्शनवर, म्हणजे प्रत्यक्ष वापरात असलेल्या सर्व्हरवर जातो. तिथे बिघडलं तर रात्री-अपरात्री फोन येतो. ही पाळी प्रत्येकावर येते.

आमच्याकडच्या मुलांची खरी अडचण मात्र इंग्रजी बैठकीची. ‘कोड येतो, पण बोलता येत नाही’, हे वाक्य जिल्ह्यातून गेलेल्या कोणाकडूनही ऐकायला मिळेल. घरात अहिराणी, पावरी, मावची किंवा गुजरी, शाळेत मराठी आणि नोकरीत एकदम इंग्रजी. तीन पायऱ्या एका उडीत चढायला लावल्यावर पोरगं अडखळणारच. त्यात त्याच्या बुद्धीचा दोष नाही.

ओपन सोर्समध्ये कोण काम करतं?

ज्या सॉफ्टवेअरचा मूळ कोड कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येतो ते ओपन सोर्स. लिनक्स तसं आहे, फायरफॉक्स तसं आहे. जवळचं उदाहरण मुंबईचं. रुषभ मेहता यांच्या फ्रापे या कंपनीने ‘ईआरपीनेक्स्ट’ हे हिशोब, साठा आणि पगारपत्रक सांभाळणारं सॉफ्टवेअर मुख्यतः पायथॉन भाषेत लिहिलं आणि कोडसकट खुलं केलं. जगात कुठेही बसलेला माणूस त्यात दुरुस्ती सुचवतो आणि त्या दुरुस्तीचाही रिव्ह्यू होतो.

इथे बोलणं बहुतेक लेखी चालतं. उत्तर द्यायला वेळ मिळतो, वाक्य दोनदा तपासता येतं. बैठकीत तोंड न उघडणारा मुलगा इथे व्यवस्थित वाद घालतो.

प्रत्यक्ष भेटणारे गटही आहेत. पुण्यातला लिनक्स वापरणाऱ्यांचा गट ‘प्लग’ या नावाने जुन्या मंडळींना माहीत आहे. सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेत विद्यार्थी ‘ग्नूनिफाय’ नावाचं संमेलन भरवत आले. पायथॉनवाल्यांचं ‘पायकॉन इंडिया’ २००९ मध्ये बंगळुरूत सुरू झालं. ‘फॉस युनायटेड’ ही संस्था शहराशहरांतून भेटी घडवते. यांतलं बहुतेक सगळं पुण्या-मुंबईत किंवा त्याहून लांब, आणि नंदुरबारहून पुण्याला रात्रभराची बस. तरी वर्षातून एकदा जावं. पडद्यावर नुसतं नाव दिसत असलेल्या माणसाबरोबर चहा पिताना तासाभरात जे कळतं ते एरवी कळत नाही.

घरी बसून शिकायला आयआयटी मुंबईचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प आहे. प्रा. कन्नन मौद्गल्य यांनी तो उभा केला. दहाएक मिनिटांचे धडे, पडद्यावर इंग्रजी आणि आवाज मराठीत. एका खिडकीत धडा चालू ठेवायचा आणि दुसऱ्या खिडकीत तेच करून बघायचं. शिक्षक नसलेल्या गावासाठी ही पद्धत मला फार मोलाची वाटते.

तोरणमाळच्या दऱ्या

भाषेचं काम आपण केलं नाही तर कोणी करत नाही. ‘दऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातल्या अर्ध्या र ची ती छोटी आडवी रेघ फॉन्टमध्ये नसली तर तोरणमाळच्या दऱ्यांचा ‘दर्या’ होतो, म्हणजे समुद्र. हिंदीला ही रेघ लागत नाही, त्यामुळे हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या फॉन्टमध्ये ती राहून जायची. ‘लोहित’ हे खुले फॉन्ट पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने बनवले आणि रेड हॅट या कंपनीने ते सगळ्यांसाठी मोकळे केले; त्यात मराठीसाठी वेगळा फॉन्ट ठेवावा लागला.

गोष्ट एवढ्यावर संपत नाही. हा अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकात खालच्या टिंबाचा ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे शब्द. ॲ चंही तेच. हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे २००८ साली आलं. त्याआधी लोक अ वर चंद्र देऊन काम भागवायचे, काही जण आजही तसंच करतात. परिणाम असा की यादीत ‘ॲड.’ एका पद्धतीने लिहिलेला वकील दुसऱ्या पद्धतीने शोधला तर सापडत नाही. इलाज साधा आहे. तुलना करण्याआधी दोन्ही रूपं एका रूपात आणायची. पण तो सुचायला मराठी टाइप करणारा माणूस टीममध्ये असावा लागतो.

तारखा, महिन्यांची नावं, अक्षरांचा क्रम अशा गोष्टी युनिकोडच्या एका सामायिक भांडारात प्रत्येक भाषेसाठी साठवलेल्या असतात आणि फोन-संगणक तिथून त्या उचलतात. मराठीच्या यादीत ळ, क्ष आणि ज्ञ शेवटी यावेत हा नियम तिथे नोंदलेला आहे. अहिराणी, पावरी, मावची यांना आंतरराष्ट्रीय भाषासंकेत मिळालेले आहेत, अहिराणीचा ‘ए-एच-आर’. त्यापुढचं काम, म्हणजे वारांची नावं कोणती, आकडे कसे लिहायचे, लिपीत कोणतं चिन्ह कमी पडतं, हे बंगळुरूचा अभियंता सांगू शकणार नाही. नवापूरचा मावची बोलणारा विद्यार्थी आजीला विचारून सांगू शकतो.

पहिलं पाऊल

फुकट काम करायला वेळ असणं हीच एक चैन आहे, हे मान्य केलं पाहिजे. सुटीत मिरचीच्या शेतात राबणाऱ्या मुलाला ‘ओपन सोर्स कर’ असं नुसतं सांगणं बरं नव्हे. शहाद्याच्या डी. एन. पटेल अभियांत्रिकीसारख्या महाविद्यालयांनी अशा कामाला प्रकल्पाचे गुण द्यावेत, असं मला मनापासून वाटतं. पैसे मिळवून देणाराही मार्ग आहे. ‘गुगल समर ऑफ कोड’ २००५ पासून चालतं. निवडलेल्या नवख्याला एखाद्या ओपन सोर्स प्रकल्पात मार्गदर्शकाबरोबर काम आणि त्याचं मानधन मिळतं. २०२२ पासून त्यासाठी विद्यार्थी असण्याची अट नाही, वय मात्र अठरा पूर्ण हवं.

कोड लिहिण्याआधी चुकीची नोंद लिहायला शिकावं. ‘ॲप चालत नाही’ या नोंदीचा कोणाला उपयोग होत नाही. उपयोगी नोंद अशी असते: फोन कोणता, अँड्रॉइडची आवृत्ती कोणती, अर्ज भरताना तिसऱ्या पानावर सिग्नल गेला, परत आल्यावर ‘पुढे’ दाबलं, तर पहिली दोन पानं कोरी झाली, तीनदा केलं, तिन्ही वेळा असंच झालं, सिग्नल असताना होत नाही, अपेक्षा अशी की भरलेली माहिती फोनमध्येच राहावी. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालतं, क्रम चुकता कामा नये. धडगावहून आलेली अशी नोंद वाचून दूरचा प्रोग्रॅमर विमानात बसल्यावर करतात तसा फोनचा डेटा बंद करतो, तिसऱ्या पानापर्यंत जातो आणि त्याला चूक दिसते.