दहा पावलांचा टोमॅटो

नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटोची क्रेट भरली जात असताना थोडा वेळ उभं राहून पाहा. लांबच्या गाडीत पूर्ण पिकलेलं लालबुंद फळ कुणी घालत नाही. बुडाशी नुकती लाली चढलेलं, कडक आणि जाड सालीचं फळ तिथे चालतं, कारण शेकडो किलोमीटर न फुटता पोचणं हा त्याचा पहिला गुण. चव त्यानंतर.

गच्चीवरच्या टोमॅटोला मात्र कुंडीपासून ओट्यापर्यंत दहा पावलंच जायचं असतं. म्हणून शेतकऱ्याला परवडणारा वाण तोच घरासाठी उत्तम, असं होत नाही. पातळ सालीचं, रसाळ, दोन दिवसांत मऊ पडणारं फळ व्यापाऱ्याच्या दृष्टीने नापास. सारासाठी तेच पहिलं. घरी टोमॅटो लावताना निवडीची ही मोकळीक वापरायची असते.

झाडाचा स्वभाव

टोमॅटोची झाडं ढोबळमानाने दोन स्वभावांची. बुटकं, झुडपी झाड दोन-अडीच फुटांवर थांबतं. त्याच्या फांद्यांची टोकं फुलांच्या घोसात संपतात, त्यामुळे फळंही थोड्या दिवसांत, बरीचशी एकदम येतात. उंच वाढणाऱ्या झाडाचा शेंडा थांबत नाही. ते वेलासारखं वर जात राहतं आणि महिनोन्‌महिने थोडी थोडी फळं देतं.

बाल्कनी लहान असेल किंवा फळं एकदम काढून सॉस करायचा असेल, तर बुटकं झाड बरं. रोजच्या आमटी-कोशिंबिरीला दोन-चार फळं हवी असतील आणि गच्चीवर काठी उभी करायला जागा असेल, तर उंच झाड घ्यावं. चेरी टोमॅटो बहुधा उंच जातीचे असतात. फळ लहान असल्याने ते लवकर पिकतं आणि नवख्या माणसाचा उत्साह टिकतो.

बी: सरळ की संकरित?

सरळ वाणाच्या फळातलं बी पेरलं, तर पुढच्या वर्षी जवळपास तसंच झाड येतं. संकरित बियाणं दोन वेगळ्या वाणांच्या संकरातून तयार केलेलं असतं. त्याची पहिली पिढी जोमदार आणि एकसारखी असते, पण तिचं बी धरलं की पुढच्या पिढीत गुण विखुरतात. बाजारातल्या टोमॅटोचं बी कुंडीत टाकून उगवलेलं झाड कसलं निघेल याचा भरवसा नसतो, तो यामुळेच.

पुसा रुबी हा दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा जुना सरळ वाण. चपटी, किंचित खाचदार, आंबटसर रसाची फळं. सार आणि आमटीला हा वाण उत्तम. बेंगळुरूच्या बागायती संशोधन संस्थेचा अर्का विकास मध्यम मोठी, मांसल फळं देतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे धनश्री आणि भाग्यश्री हे वाण आपल्या हवामानात तयार झालेले आहेत. धनश्रीची फळं नारिंगी छटेची, तर भाग्यश्रीचा गर गडद लाल. आधीच्या वर्षी रोगाने झाडं गेली असतील, तर बेंगळुरूच्याच अर्का रक्षक या संकरित वाणाचा विचार करावा. पर्णगुच्छ, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्ही रोगांना तो प्रतिकार करतो. वऱ्हाडात भेदरं म्हणून ओळखला जाणारा गावरान टोमॅटो कुणाच्या परसात दिसला, तर दोन फळं आवर्जून मागून आणावीत.

निवडताना आणखी एक खूण पाहता येते. काही वाणांच्या कच्च्या फळाला देठाजवळ गडद हिरवे ‘खांदे’ असतात. फळ सगळीकडे सारखं पिकावं म्हणून पैदासकारांनी अनेक दशकं बिनखांद्याचे वाण निवडले. अशा फळांत हरितद्रव्य वाढवणारं एक जनुक निकामी असतं आणि त्यामुळे साखरही थोडी कमी भरते, हे 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून समजलं. हिरव्या खांद्यांचं फळ दिसायला दुरंगी असलं, तरी घरी त्याला नाव ठेवायचं कारण नाही.

पेरणीची वेळ

टोमॅटोचं गणित रात्रीच्या तापमानावर चालतं. रात्री 15 ते 20 अंश सेल्सियसच्या दरम्यान असल्या की फळं छान धरतात. दिवस 35 अंशांपलीकडे आणि रात्री 24 च्या वर गेल्या की पराग निकामी होतो आणि फुलं गळतात. फळाला लाल करणारं लायकोपीनही 30 अंशांच्या वर नीट तयार होत नाही, म्हणून उन्हाळ्यातला टोमॅटो पिवळट राहतो. पावसाळ्यात करपा, उन्हाळ्याकडे पांढरी माशी. नवख्याने हिवाळाच धरावा. देशावर ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत बी पेरावं. कोकणात पाऊस ओसरल्यावर, म्हणजे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात.

रोपापासून कुंडीपर्यंत

बी अर्धा ते एक सेंटिमीटर खोल पेरा, आठवड्याभरात उगवतं. चार-पाच खरी पानं आली, म्हणजे साधारण 25 ते 30 दिवसांनी, रोप हलवण्याजोगं होतं. आधीचे पाच-सहा दिवस पाणी थोडं कमी करून त्याला ऊन दाखवावं, म्हणजे ते काटक होतं.

बुटक्या झाडाला किमान 12 इंची कुंडी, उंच झाडाला 15 ते 18 इंची, आणि एका कुंडीत एकच रोप. निम्मी माती, उरलेल्यात चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि थोडं कोकोपीट. जागेवर रोज किमान सहा तास ऊन हवं. मिरची, वांगं, बटाटा टोमॅटोच्याच कुळातले. त्यांची जुनी माती लगेच टोमॅटोला वापरू नये, कारण रोग सामायिक असतात.

रोप खोल लावावं. खालची पानं काढून खोडाचा निम्मा भाग मातीत गेला तरी चालतो. टोमॅटोच्या खोडाला मातीत मुळं फुटतात आणि झाडाचा पाया रुंद होतो. काठी त्याच दिवशी रोवा. महिन्याने रोवली तर मुळं तुटतात.

पाणी आणि बगलफूट

बोट मातीत दोन पेरं घालून पाहा. कोरडं लागलं तर भरपूर पाणी, ओलं लागलं तर नाही. तीन दिवस तहानलेलं आणि चौथ्या दिवशी बुडवलेलं झाड फळ तडकवतं. फळाचं बूड काळं पडून सडतं, तेही बहुतेक वेळा अनियमित पाण्यामुळेच. मातीत कॅल्शियम असतं, पण ते पाण्याबरोबरच फळापर्यंत जातं. मातीवर पालापाचोळ्याचा दोन इंची थर दिला की ओल टिकते आणि पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर करप्याचे बीजाणू पानांवर उडत नाहीत.

पान आणि खोड यांच्या बेचक्यातून फुटणारा कोंब म्हणजे बगलफूट. उंच झाडाची बगलफूट बोटभर असतानाच खुडावी. बुटक्या झाडाची खुडू नये, त्याची फळंच त्या फांद्यांवर येतात. खुडलेला कोंब ओल्या मातीत खोचून सावलीत ठेवला तर आठ-दहा दिवसांत मुळं धरतो आणि एक रोप फुकट मिळतं.

पाला माजला पण फूल नाही, अशी तक्रार असेल तर नत्र जास्त झालेलं असतं. फूल लागल्यावर शेणाचं पातळ पाणी देणं थांबवावं.

फूल ते फळ

टोमॅटोच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही भाग असतात. पराग झडायला फक्त हादरा लागतो. बाहेर ते काम वारा आणि गुणगुणत फूल हलवणारे भुंगे करतात. बंद बाल्कनीत ते आपण करायचं: सकाळी दहा-अकराच्या सुमारास फुलांच्या घोसाला हलकी टिचकी.

पानं वरच्या बाजूला वळून गोळा झाली, शेंडा खुरटला, तर तो पर्णगुच्छ. पांढरी माशी त्याचा विषाणू पसरवते आणि त्यावर औषध नाही. झाड उपटून कचऱ्यात द्या, खतात टाकू नका. माशी थोपवायला पिवळे चिकट सापळे आणि पाच टक्के निंबोळी अर्क, तोही संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूवर.

फळाला बुडाशी लाली आली की ते तोडून घरात पिकवलं तरी चालतं. पण घरी घाई कुणाला आहे? पूर्ण लाल होऊ द्या आणि फ्रिजमध्ये ठेवू नका. थंडीत त्याचा वास मरतो.

सरळ वाणाचं सर्वांत चांगलं फळ बियाण्यासाठी झाडावरच पिकू द्या. त्यातला बियांचा बुळबुळीत गर वाटीत दोन दिवस आंबवा, धुऊन घ्या, सावलीत वाळवा. पाकिटावर वाणाचं नाव आणि तारीख लिहा. कोरड्या जागी ते बी चारेक वर्षं उगवतं.

पहिल्या वर्षी दोनच वाण लावा, प्रत्येकी दोन रोपं. एक सारासाठी, एक कोशिंबिरीसाठी. चार झाडं नीट पाहिली की पाचवं कोणतं लावायचं, ते कुणाला विचारावं लागत नाही.