ओंडक्याचा भार

सकाळी ६. मे महिन्यात दापोलीकडे नऊनंतर उन्हात मशीन चालवणं नको होतं, म्हणून उजाडताच पडवीत बसतो. पावसाळ्यासाठी चुलीची आणि बंबाची फाटी भरायची आहेत. वाडीत आडवा झालेला आंबा आणि आकेशियाचे सोट सुकून तयार आहेत. पण चेनसॉ सुरू करण्याआधी कानस. गोल कानस प्रत्येक दातावर एकाच कोनात, आतून बाहेर, मोजून सारखेच हात फिरवायचे. एका बाजूचे सगळे दात झाले की दुसरी बाजू. एखादी बाजू जास्त घासली गेली तर काप तिरका जातो.

चेनचे हे एकाआड एक डावे-उजवे दात अमेरिकेतल्या जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याला १९४६ साली सुचले, तेही लाकूड पोखरणाऱ्या एका अळीचे जबडे पाहून. आमच्या आंब्यात शिरणारी भिरूड त्याच भुंगेऱ्यांच्या कुळातली. बागायतदाराची झोप उडवणाऱ्या किड्याचं हे नातं कानस फिरवताना मला हमखास आठवतं.

पावणेसात. पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल, लिटरला २० मिलिलिटर; माझ्या मशीनच्या पुस्तिकेत हेच प्रमाण आहे. चेनचं ऑइल वेगळ्या टाकीत. चेन बारला खालून टेकलेली हवी, तरी हातमोजा घालून ओढली की सहज सरकली पाहिजे. चष्मा, कानांवर मफ, जाड बूट, मांड्यांवर संरक्षक पट्टे. मशीन जमिनीवर ठेवून, ब्रेक लावून, मागच्या मुठीत पाय रोवूनच दोरी ओढायची. हातात लोंबकळत ठेवून ओढणारे पाहिले की माझ्या पोटात गोळा येतो.

सव्वासात. आता ओंडक्याकडे नुसतं बघायचं. पुतण्याला मी हेच पुन्हापुन्हा सांगतो: काप कुठे घ्यायचा ते नंतर, आधी भार कुठे आहे ते बघ. दोन्ही टोकं टेकलेली आणि मध्ये पोकळी असेल, तर ओंडक्याची वरची बाजू दाबलेली आणि खालची ताणलेली असते. वरून सरळ कापत गेलं की फट मिटते आणि बार आत अडकतो. म्हणून वरून एक तृतीयांश कापायचं आणि उरलेलं खालून. खालून कापताना मशीन आपल्याकडे रेटा देतं, तेव्हा पाय आधीच रोवलेले हवेत. एकच टोक टेकलेलं आणि दुसरं अधांतरी असेल तर सगळं उलट: आधी खालून थोडं, मग वरून.

जमिनीवर सपाट पडलेल्या आंब्याला तिसरीच रीत. दीड-दीड फुटावर कोयत्याने खुणा केल्या, प्रत्येक खुणेवर पाऊण जाडीपर्यंत काप घेतले, मग पहारीने ओंडका उलटला आणि उरलेलं वरून कापलं. चेन मातीला लागू द्यायची नाही. जांभ्याची एक खर लागली तरी सकाळची सगळी कानस वाया.

उतारावर मी नेहमी वरच्या अंगाला उभा राहतो, कारण सुटलेला तुकडा खालीच घरंगळतो. डाव्या हाताचा अंगठा मुठीखालून वळलेला हवा. बारच्या टोकाचा वरचा कोपरा कशालाही लागता कामा नये. तो लागला की मशीन उसळून तोंडाकडे येतं, आणि विचार करायलाही वेळ मिळत नाही.

साडेआठ. ‘काका, पीठ पडतंय.’ पोराची नजर चांगली आहे. धारदार चेन लाकडाचे ढलपे उडवते. पिठासारखा भुसा पडू लागला की धार गेली समजायचं. अशा वेळी जोर लावणारे मशीनही थकवतात आणि स्वतःही थकतात. लगेच थांबलो. इंजीन निवू दिलं, कानस फिरवली, तेल-पेट्रोल भरलं. भरलेल्या जागेपासून दहा पावलं दूर जाऊन मगच पुन्हा चालू केलं.

साडेनऊ. मशीन बंद. घामाने चष्मा धूसर झाला की काम संपलं, ढीग कितीही उरो.

दुपारी ४. कुऱ्हाड आणि पाचर. सरळ रेषेच्या आकेशियाला एक घाव पुरतो. आंब्याच्या गाठाळ ओंडक्यांना कडेकडेने सोलत आत जावं लागतं. पुतण्या मांगरात फाटी रचतो, खाली दगड लावून आणि भिंतीपासून हातभर जागा सोडून, वारा खेळावा म्हणून.

साडेपाच. ब्रशने बारची खाच आणि ऑइलचं भोक साफ केलं. गरम चेन निवताना आखडते, म्हणून ती थोडी सैल केली. पाऊस लागला की मशीन पडूनच राहील. तेव्हा टाकी रिकामी करून, उरलेलं पेट्रोल संपून इंजीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं. उद्या आकेशियाचे राहिलेले सोट. त्यातला एक बांधावर अडकून वाकलेला आहे. त्याला हात लावण्याआधी दोन्ही बाजूंनी नीट बघावं लागेल.