वळणदार धातूचं पॉलिश रोबोटला अवघड का जातं?

सोयगावहून वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांत गेलेल्या मित्रांनो, बफिंग करणाऱ्याचा हात नीट बघा! नळाची तोटी चाकावर धरताना प्रत्येक वळणावर तो दाब बदलतो. रोबोटला नेमकं हेच शिकवावं लागतं. प्रेस्टन नावाच्या संशोधकाने 1927 मध्ये काचेसाठी मांडलेला नियम इथेही उपयोगी पडतो: दाब किंवा वेग वाढला की धातू जास्त घासला जातो. बाहेर आलेल्या वळणावर चाक थोड्याच जागेला टेकतं, तिथे दाब वाढतो आणि आकार बिघडतो. म्हणून रोबोटच्या मनगटात फोर्स सेन्सर बसवतात. शिवाय चाक झिजून लहान झालं की कडेचा वेग घटतो, मग आरपीएम वाढवावे लागतात. धूळ छातीत भरणारं हे काम यंत्राकडे जायलाच हवं. फक्त प्रोग्रॅम लिहिताना बफिंगचा जुना कारागीर शेजारी बसवा.