उत्पादन-रचना अभियंत्याची मुलाखत : स्वरूप, अपेक्षा आणि अध्यापनाची दिशा

१. प्रस्तावना

मोबाइल संच, लॅपटॉप, मनगटी घड्याळे यांसारखी उपकरणे घडविणाऱ्या तंत्रज्ञान कंपन्यांत ‘प्रॉडक्ट डिझाइन इंजिनिअर’ या नावाचे एक पद असते. यंत्र अभियांत्रिकीच्या पदवीधरांना या पदाचे आकर्षण वाटते. महाराष्ट्रातून उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत गेलेले विद्यार्थीही तेथे या पदासाठी मुलाखती देतात. तथापि या मुलाखतीत नेमके काय तपासले जाते, याविषयी विद्यार्थ्यांत आणि अध्यापकांतही पुरेशी स्पष्टता आढळत नाही. कॅलिफोर्नियातील ॲपलसारख्या कंपन्यांत होणाऱ्या या मुलाखतीचे स्वरूप विशद करणे आणि तिची खरी पूर्वतयारी पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गातच होते हे दाखविणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. पदाचे स्वरूप

पदाच्या नावामुळे प्रथम गैरसमज होतो. संगणक-प्रणालींच्या क्षेत्रात ‘प्रॉडक्ट डिझायनर’ म्हणजे पडद्यावरील मांडणी ठरविणारी व्यक्ती. उपकरणांच्या क्षेत्रात वस्तूचे बाह्य रूप औद्योगिक अभिकल्पक ठरवितो. उत्पादन-रचना अभियंत्याचे काम यानंतर सुरू होते. ठरलेल्या रूपाच्या आत बॅटरी, पडदा, कॅमेरा व परिपथ-फलक कसे बसवावेत, कोणता भाग कोणत्या पदार्थाचा व कोणत्या प्रक्रियेने करावा, वस्तू हातातून पडली तर ती टिकेल काय, आणि कारखान्यात लाखोंच्या संख्येने ती एकसारखी निघेल काय, या प्रश्नांची उत्तरे त्याला द्यावी लागतात. मुलाखतीतील प्रश्नही याच कामातून येतात.

३. मुलाखतीचे टप्पे

साधारणपणे प्रारंभी दूरध्वनीवर एक-दोन प्राथमिक मुलाखती होतात. त्यांतून निवडलेल्या उमेदवारास एका दिवसात अनेक अभियंते स्वतंत्रपणे भेटतात. या दिवशी उमेदवाराने स्वतः केलेल्या कामाचे सादरीकरणही करावयाचे असते. सादरीकरणात देखण्या चित्रांपेक्षा निर्णयांची कारणे महत्त्वाची ठरतात. गटाने केलेल्या प्रकल्पात तुमचा वाटा कोणता? हाच पदार्थ का निवडला? चाचणीत काय मोडले आणि त्यानंतर रचनेत काय बदलले? अशा प्रश्नांना ‘आम्ही केले’ हे उत्तर पुरत नाही. पूर्वीच्या नोकरीतील गोपनीय माहिती उघड न करता आपले काम सांगता येणे, हाही या कसोटीचाच भाग होय.

४. मूलतत्त्वांची कसोटी

तांत्रिक प्रश्न बहुधा पदवी अभ्यासक्रमातील प्राथमिक घटकांवरच असतात. त्यांचे स्वरूप तीन उदाहरणांवरून लक्षात येईल.

पहिले उदाहरण ताठपणाचे. एका टोकाला जखडलेल्या तुळईच्या मोकळ्या टोकावर भार ठेवला असता ती किती वाकेल, हे सूत्र प्रत्येक विद्यार्थ्यास पाठ असते. मुलाखतकार मात्र विचारतो, ‘जाडी दुप्पट केली तर काय होईल?’ वाक जाडीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असल्याने तो एक-अष्टमांश होतो. ३० मि.मी. रुंद व ३ मि.मी. जाड पट्टी सपाट धरली तर सहज वाकते. तीच कडेवर उभी धरली तर शंभरपट ताठ होते.

याच प्रश्नाचा पुढचा पदर पदार्थाचा. २०१४ साली बाजारात आलेले आयफोन ६ मालिकेतील काही संच खिशात वाकल्याच्या तक्रारी झाल्या. २०१५ च्या आयफोन ६एससाठी ॲपलने ७००० श्रेणीतील ॲल्युमिनियमचा मिश्रधातू वापरला. यामुळे फोन अधिक ताठ झाला काय? केवळ मिश्रधातू बदलल्याने ताठपणात लक्षणीय फरक पडत नाही, कारण ॲल्युमिनियमच्या बहुतेक मिश्रधातूंचा यंग गुणांक ७० गिगापास्कलच्या आसपासच असतो. वाढते ती कायमचे वाकण्यापूर्वी ताण सोसण्याची मर्यादा. ताठपणा आणि सामर्थ्य यांतील हा भेद ज्यास उदाहरणासह सांगता येतो, त्याची समज मुलाखतकारास तत्काळ जाणवते.

दुसरे उदाहरण मापांतील फरकाचे, म्हणजे टॉलरन्सचे. एकावर एक रचलेल्या पाच भागांपैकी प्रत्येकाच्या जाडीत ±०.१ मि.मी. फरक संभवत असेल, तर सर्वांत प्रतिकूल स्थितीत एकूण फरक ±०.५ मि.मी. होईल. भागांतील फरक परस्परांपासून स्वतंत्र व मध्यमापाभोवती विखुरलेले असतील, तर संख्याशास्त्रीय पद्धतीने तो सुमारे ±०.२२ मि.मी. येतो. येथे गणितापेक्षा विवेक अधिक तपासला जातो. दिसण्यापुरत्या फटीसाठी दुसरी पद्धत चालेल, परंतु सुरक्षिततेच्या जागी पहिलीच हवी. २०१६ मध्ये सॅमसंगला गॅलेक्सी नोट ७ हा फोन बाजारातून मागे घ्यावा लागला. जानेवारी २०१७ मध्ये कंपनीने जाहीर केलेल्या कारणांपैकी एक असे होते, की एका पुरवठादाराच्या बॅटरीत वरच्या कोपऱ्यापाशी पुरेशी जागा नसल्याने तेथील विद्युदग्र वाकले होते. अल्प जागेचा हिशेब किती गंभीर असू शकतो, हे यावरून स्पष्ट होते.

तिसरे उदाहरण प्रक्रियेचे. प्लॅस्टिकचे एखादे झाकण हाती देऊन ते कसे तयार झाले असेल, असे विचारले जाते. साच्यातून सुटण्यासाठी भिंतींना दिलेला किंचित उतार, सर्वत्र शक्यतो समान ठेवलेली जाडी, आधाराच्या पट्ट्या भिंतीपेक्षा पातळ ठेवण्यामागील कारण, आणि त्या जाड झाल्यास विरुद्ध पृष्ठभागावर पडणारा खळगा, या गोष्टी वस्तू निरखून सांगता आल्या पाहिजेत.

५. अध्यापनाच्या दृष्टीने

वरील सर्व घटक आपल्या अभ्यासक्रमांत आहेत. उणीव आहे ती वापराची. लेखी परीक्षेत भार, लांबी व जाडी दिलेली असते आणि विद्यार्थी उत्तर काढतो. मुलाखतीत यांपैकी काहीच दिलेले नसते. काय गृहीत धरावे हे त्यालाच ठरवावे लागते आणि विचार मोठ्याने बोलून दाखवावा लागतो. पैकीच्या पैकी गुण मिळविणारा विद्यार्थी तेथे गप्प राहतो, तेव्हा त्यास आपण तशी सवय कधी लावली, हा प्रश्न अध्यापकांनी स्वतःस विचारावयास हवा.

यासाठी नवी प्रयोगशाळा लागत नाही. कुकरची मूठ बेकेलाइटची का असते? डब्याच्या पत्र्याची कड दुमडलेली का असते? छत्रीची काडी नळीऐवजी पन्हळीसारखी का असते? असे प्रश्न तोंडी परीक्षेत विचारता येतील. उत्तर अपुरे असले तरी तर्काची दिशा योग्य असल्यास गुण द्यावेत. प्रकल्पाच्या अहवालात प्रत्येकाचा वाटा आणि फसलेला प्रयत्न यांची स्वतंत्र नोंद मागावी. महाविद्यालयाबाहेरील महागडे प्रशिक्षण न परवडणाऱ्या विद्यार्थ्यास अशी सवय लावून घेण्यासाठी वर्ग हेच एकमेव ठिकाण असते.

६. समारोप

सारांश, उत्पादन-रचना अभियंत्याच्या मुलाखतीत दुर्मीळ ज्ञानाची अपेक्षा क्वचितच असते. परिचित तत्त्व अपरिचित वस्तूला लावता येते काय, एवढेच तेथे पाहिले जाते. हे कौशल्य नोकरी मिळो वा न मिळो, अभियंत्यास आयुष्यभर उपयोगी पडणारे आहे. म्हणूनच त्याचा विचार नियुक्ती कक्षावर न सोपविता प्रत्येक विषयाच्या अध्यापकाने आपल्या तासिकेत करणे अगत्याचे आहे.